बाबांची ओळ

दुसऱ्याने केलेलं काम ताईला जसंच्या तसं सोडता यायचं नाही. भावाने घडी घातलेली चादर ती उलगडून पुन्हा घडी घालायची, आईने विसळलेला पेला उजेडात धरून पुन्हा विसळायची. तिच्या नवऱ्याने तर लग्नानंतर थोड्याच दिवसांत अंथरूण आवरणं सोडून दिलं होतं. नाहीतरी ते पुन्हा आवरलं जाणारच, मग दोघांनी कशाला दमायचं, असं त्याचं साधं म्हणणं. माहेरी या सवयीला शब्दच होता, हात फिरवणं. "ताईचा हात फिरला का?" असं कुणी विचारलं की काम खरोखर संपलं का, असा त्याचा अर्थ. ताई औषधांच्या दुकानात कामाला होती. दुसऱ्याने काढलेली बाटली पुन्हा वाचून बघण्याचाच तिथे पगार मिळतो, त्यामुळे ही आपली खोड आहे असं तिला कधी वाटलं नाही. तिला वाटायचं, आपल्याला नजर आहे.

नजर म्हणाल तर ती बाबांची होती. बाबा आयुष्यभर दुकानांच्या पाट्या रंगवत आले. शिडीवर उभं राहून, पट्टी न लावता, एका दमात सरळ रेघ मारायचे, आणि खाली रस्त्यावर दोन माणसं तरी ते बघत उभी असायची. थंडी सुरू होता होता त्यांना झटका आला. बोलणं सावरलं, पायही काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात गेला तो गेलाच. मांडीवर ठेवला तर मांडीवर, टेबलावर ठेवला तर टेबलावर, ठेवाल तिथे पडून राहायचा. व्यायाम शिकवायला एक बाई येऊ लागल्या. त्यांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बाबांनी तो डाव्या हाताने खिडकीबाहेर फेकला, तोही नेम धरून, शेजारच्यांच्या पाण्याच्या पिंपात. त्यानंतर बाईंना नको म्हणून कळवलं आणि सगळी थंडी ते खुर्चीत बसून राहिले. जेवायचे, झोपायचे, विचारलं तर उत्तर द्यायचे. आपणहून काही बोलायचे नाहीत.

घरामागे चार वाफ्यांची जागा होती. दर वर्षी थंडी ओसरली की एका रविवारी सगळे जमायचे आणि भाजी लावायचे. कामं ठरलेली होती. धाकटा भाऊ खणायचा. त्याला घरात राजे म्हणत, कारण रविवारी ते दहाच्या आत उठत नसत. आई खत पसरायची. ताई खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि बाकीच्यांच्या चुका काढायची. बी मात्र बाबाच लावायचे. या वर्षी जमायचं की नाही, हेच कुणी कुणाला विचारेना. शेवटी आईच म्हणाली, "जमीन काय वाट बघत बसणार आहे का?" आणि सगळे आले. पालक, मुळा, गाजर सगळं लावून झालं. एक ओळ उरली, भिंतीच्या कडेची, घेवड्याची. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. ती दर वर्षी बाबांची असायची.

तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि बाबा काठी टेकत बाहेर आले.

"घेवडा मी लावतो."

मग काय विचारता! राजेंनी खुर्ची आणली, आईने खुर्चीवर उशी टाकली, ताईने ती उशी सरळ केली. बाबांनी खुर्ची काठीने बाजूला सारली आणि भिंतीला धरून खाली जमिनीवर बसले. बसायला बराच वेळ लागला. तिघांचेही हात पुढे झाले होते.

"माझ्या डोक्यावर उभे राहू नका," बाबा म्हणाले. "आत जा सगळे. आणि ऐका. उगवला, तर त्या बाईंना पुन्हा बोलवा. म्हणतील ते करीन. नाही उगवला, तर मला पुन्हा कुणी काही सांगायचं नाही."

तिघं आत गेली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त त्यांची पाठ दिसत होती. पाठ जरा पुढे झुकायची, बराच वेळ तशीच राहायची, मग अंगठाभर पुढे सरकायची. आईने चहा केला आणि तो कुणीच प्यायला नाही. "डाव्या हाताने करताहेत ना, वेळ लागणारच," राजे म्हणाले. ताईने खिडकीशी तीनदा जाऊन पाहिलं आणि तीनदा आईने तिला मागे ओढलं. ऊन डोक्यावर आलं तेव्हा बाबा आत आले, गुडघ्यांना माती, कपाळाला माती, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला.

"झालं," म्हणाले. "बघा जाऊन."

ताई दारापर्यंत गेली. भिंतीकडेची ओळ सुरुवातीला ठीक होती, मग डावीकडे कलली होती, मग उजवीकडे. पायवाटेवर दोन-तीन पांढऱ्या बिया उघड्या पडल्या होत्या.

"वा बाबा! एकदम सरळ!" ताई म्हणाली.

बाबांनी मान हलवली आणि आत जाऊन आडवे झाले. ते घोरू लागल्यावर आईही जरा कलंडली. राजे टीव्हीसमोर बसले. ताईचा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. ओळ उगवली नाही तर बाबा त्या खुर्चीतून पुन्हा उठायचे नाहीत. आणि त्या ओळीची दशा तर तिने डोळ्यांनी पाहिली होती. वाटेवर एवढं सांडलंय तर मातीत काय गेलं असेल! ती पायांत चपला न घालता बाहेर गेली, दोन खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि खुरप्याने सगळी ओळ उकरून काढली. मातीबरोबर बिया वर आल्या, त्या मुठीत गोळा करून कोपऱ्यातल्या पाचोळ्यात टाकल्या. डब्यातलं नवं बी घेतलं, वीतभर अंतरावर एकेक दाणा दोरीखाली खोचला, माती सारखी केली, खुंट्या काढल्या. पाव तासाचं काम. हात धुताना तिला फार बरं वाटलं. आपण नसतो तर या घराचं काय झालं असतं, असंही वाटलं.

घेवड्याने वेळेवर तोंड वर काढलं. नुसतं वर काढलं नाही, रान माजावं तसा तो भिंतीकडेला उसळला. आईचा फोन आला, "अगं ये गं, बघ तर!" ताई दुकानातून थेट तिकडे गेली. राजेही आले होते. बाबा काठीवर वाकून ओळीकडे बघत होते.

"एवढं बी मी लावलं नव्हतं," बाबा म्हणाले.

आई पदराशी चाळा करू लागली. राजेंना अचानक मुळ्याच्या वाफ्यात काहीतरी फारच बघण्यासारखं दिसलं.

"हे बघा, जांभळ्या देठाचं," बाबांनी काठी टेकवली. "असलं बी आपल्या घरात नाही. राजे, हे कुठलं?"

राजेंनी डोकं खाजवलं. "बाजारातलं. म्हणजे बाबा, मी काय म्हटलं... तुमचं होतंच. आपलं नंतर वरून थोडं टाकून ठेवलं. असावं म्हणून."

"आणि हे जोडीजोडीने आलेलं?"

"एक मेलं तर दुसरं असावं बाई, म्हणून मी दोन-दोन दाणे टाकले," आई बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली.

ताईला वाटलं, आता बाबा चिडतील, काठी टाकतील, खुर्चीत जाऊन बसतील. पण बाबांच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि तिला कळेपर्यंत ते मोठ्याने हसत होते. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. "शाबास!" ते म्हणाले. "एकाला ठाऊक नाही दुसऱ्याने काय केलं! ताई, तू कशी काय राहिलीस मग? तुझा हात नाही फिरला?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिने. पण बाबा पुढे वाकले आणि त्यांनी काठीचं टोक जांभळ्या देठांच्या आणि जोड्यांच्या मधून, अगदी हळू, एका रोपापासून दुसऱ्या रोपापर्यंत नेलं. एकेकटी रोपं, वीतभर अंतरावर, एका रेषेत.

"ही माझी," बाबा म्हणाले. "बघा कशी आलीत. उठताना मला ओळ वाकडी दिसली होती. खाली बसून भास होतो तसा. पण बघा, ताई म्हणाली तशीच सरळ आहे. हात अजून आहे."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो तर!" राजे म्हणाले. ताईही काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते तिला नंतर आठवेना.

दुसऱ्याच दिवशी व्यायामाच्या बाईंना बोलावणं गेलं. चेंडू नवा आणावा लागला. बाबा तो मांडीवर ठेवून दाबायचा प्रयत्न करत, घामाघूम होत, चिडत, शिव्या देत, पण सोडत नसत. मधेच उठून मागे जात आणि आपली रोपं बघून येत. शेजारच्यांना त्यांनी ती दाखवली. दूधवाल्याला दाखवली. पिंपात चेंडू पडला होता त्या घरच्या बाई म्हणाल्या, "अगदी पट्टी लावल्यासारखी हो!" आणि बाबा म्हणाले, "पट्टी मी कधी वापरली नाही."

हे सगळं आईने ताईला फोनवर सांगितलं, अगदी कौतुकाने. ताई काउंटरमागे उभी होती. दुकानाच्या काचेवर बाबांनी रंगवलेली अक्षरं आतून उलटी दिसत होती. तिचे कान तापले. आई आणि राजे यांनी भर घातली होती, तिने काढून टाकलं होतं. त्या दोघांना बाबांचा भरवसा वाटला नव्हता एवढंच, तिने तर बाबांचं नावनिशाण ठेवलं नव्हतं. आणि आता बाबा तिच्या रोपांना आपली म्हणून पाणी घालत होते. लाज वाटते म्हणजे नेमकं काय होतं, हे तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. घरी ती ताट तसंच ठेवून उठली. नवऱ्याने कधी नव्हे ते अंथरूण आवरलं होतं, तेही तिला दिसलं नाही. तो बिचारा घाबरून म्हणाला, "तुला बरं नाहीये का?"

सांगू नये, असंच तिने ठरवलं होतं. सांगून काय मिळणार? बाबा चालायला लागलेत, बोलायला लागलेत, चेंडू दाबताहेत. आपली लाज आपल्यापाशी ठेवावी, त्यांचा आनंद त्यांच्यापाशी असू द्यावा. हे इतकं शहाणपणाचं होतं की तिने ते स्वतःला रोज नव्याने समजावलं, आणि रोज ते थोडं कमी पटलं.

मग विरळणीची वेळ आली. एवढी दाटी ठेवली तर एकही वेल धड होणार नाही, जास्तीची रोपं उपटायलाच हवीत. बाबांनी ताईलाच बोलावलं.

"राजे धसमुसळे आहेत, आणि तुझ्या आईला एकही उपटवणार नाही," ते म्हणाले. ते आता खुर्चीवर बसले होते, पण खुर्ची बाहेर, ओळीपाशी होती. "तुला नजर आहे. जांभळी सगळी काढ. जोड्या काढ. माझी तेवढी ठेव. जपून हं. माझी मुळापासून हलवू नकोस."

ताई खाली बसली. जांभळं एक उपटलं, दुसरं उपटलं. तिसऱ्याला हात घातला आणि तिथेच थांबली. मातीवर थेंब पडले तेव्हा आपण रडतोय हे तिला कळलं.

"काय झालं गं?"

"बाबा, यात तुमचं एकही नाही."

मान वर करायची तिची हिंमत नव्हती. मातीकडे बघतच तिने सगळं सांगितलं, दोरी, खुरपं, पाचोळा, सगळं. "तुम्ही सरळ म्हणता ती ओळ माझी आहे. तुमची मी काढून टाकली. तुम्ही झोपला होतात."

घरातून आईच्या भांड्यांचा आवाज येत होता. ताईला वाटलं, ओरडावं यांनी. काठी हाणली तरी चालेल.

"माझं काय चुकलं होतं?" बाबांनी विचारलं.

रागाने नाही. रंग नीट बसला नाही तर गिऱ्हाइकाला विचारायचे तसं, खरंच जाणून घ्यायला.

"ओळ वाकडी झाली होती. आणि बिया बाहेर पडल्या होत्या, वाटेवर."

"किती?"

"दोन-तीन."

"आणि आतल्या? त्या कशा होत्या? उथळ होत्या? एकावर एक पडल्या होत्या?"

ताईने आठवायचा प्रयत्न केला. खुरपं आठवलं, मुठीतली माती आठवली. बिया कुठून वर आल्या, किती खोलवरून, एकीपासून दुसरी किती अंतरावर होती, यातलं काहीच आठवेना. आठवणार कुठून!

"मला नाही माहीत," ती म्हणाली. "मी बघितलंच नाही, बाबा. मी आधी उकरलं."

बाबांनी मान डोलावली. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसला. त्या दोन-तीन बिया त्यांनाही दिसल्या असणार, आणि त्या सोडून बाकीच्यांवर त्यांनी सगळी भिस्त ठेवली असणार.

"मला एवढंच बघायचं होतं," ते म्हणाले, "की माझ्या हातचं उगवतंय का. घेवडा काय, बाजारात मिळतो."

माफ करा म्हणणं इतकं स्वस्त वाटलं की ते तिच्याच्याने म्हणवेना. ती उठली आणि ओळीच्या एका टोकापासून रोपं उपटू लागली. जांभळी, जोड्या, सरळ एकेकटी, सगळी. आई दारात येऊन "अगं अगं अगं, वेड लागलं का?" म्हणून ओरडली. ताईने तिच्याकडे बघितलंही नाही. भिंतीकडेची माती पुन्हा काळी आणि रिकामी झाली. मग ती आत गेली आणि बियांचा डबा घेऊन आली.

"अजून वेळ गेलेली नाही," ती म्हणाली. "आम्ही कुणी बाहेर येणार नाही. मी आईला घेऊन माझ्या घरी जाते. संध्याकाळपर्यंत कुणी येणार नाही, शपथ."

बाबा डब्याकडे बघत राहिले. घेतील की नाही, ताईला काही कळेना. नाही घेतला, तर ती खुर्ची आज आत जाईल आणि पुन्हा बाहेर येणार नाही, एवढं मात्र तिला स्वच्छ दिसत होतं, आणि ते तिचंच कर्तृत्व असणार होतं.

"नको," बाबा म्हणाले.

ताईने डबा मागे घेतला.

"जायचं नाही," बाबा म्हणाले. "तू इथे बस. हात मांडीवर ठेव आणि बघ. शेवटपर्यंत बघायचं."

ते भिंतीला धरून खाली उतरले. ताईने हात मांडीवर ठेवले, एकावर एक, घट्ट. तिला वाटलं होतं तसा बाबांनी डावा हात डब्यात घातला नाही. डाव्या हाताने त्यांनी उजवं मनगट पकडलं, मेलेलं काहीतरी उचलावं तसा उजवा हात उचलला आणि तो डब्यात सोडला. मग त्या बोटांकडे बघत थांबले. कपाळावरची शीर फुगली. अंगठा किंचित हलला, थांबला, पुन्हा हलला. एक बी बोटाला लागून निसटली. दुसरी निसटली. तिसरी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये अडकली. बाबांनी तो हात मनगटाने धरून मातीपर्यंत नेला, बोटाने भोक पाडलं, बी आत ढकलली, आणि त्याच अंगठ्याने वरून माती दाबली. डावा हात मातीला लागलाही नाही.

त्यांनी श्वास सोडला. कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि पुन्हा मनगट पकडलं.

ताईने ओळीच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. ते फार लांब होतं. ही सगळी ओळ बाबांनी त्या दिवशी अशी भरली होती, दाण्यादाण्याने, याच हाताने, आणि तिने ती पाव तासात उकरून पाचोळ्यात टाकली होती. तिला डोळे मिटून घ्यावेसे वाटले. पण बाबांनी बघ म्हणून सांगितलं होतं, म्हणून ती बघत राहिली.